कुंकवाची जागा

दसऱ्याच्या पूजेसाठी संस्थानची मोटार सजली होती आणि राजेसाहेब तिच्यात बसले होते. भटजी पुढच्या चकचकीत पेटीला कुंकू लावणार, तोच सुभानजी आडवा आला. वीस वर्षं तो घोड्यांचा मोतद्दार होता, आता मोटारीचा.

"पेटी नुसती शोभेची, भटजीबुवा. इंजिन सरकारांच्या बुडाखाली हाय."

"नोकरी नकोशी झाली का रे?" दिवाण खेकसले.

"गेली तर जाऊ दे. कुंकू राबणाऱ्याच्या कपाळाला लागतं, रिकाम्या डब्याला नाही. सरकार, जरा उठा."

सरकार उठले. सुभानजीची रवानगी पागेत, लीद उचलायला झाली.

पुढच्या दसऱ्याला नवी मोटार आली, इंजिन पुढे असलेली. पूजेत उठावं लागू नये म्हणून सरकारांनी ती मुद्दाम मागवली होती. सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून सुभानजीही परतला. भटजींनी निर्धास्तपणे पुढच्या पेटीला कुंकू लावलं.

"थांबा." सुभानजी चाकापाशी वाकला. "इंजिन पुढं आलं, आता सगळा भार ह्या कमानपाट्यांवर. खड्ड्यांचे दणके तेच खातात. झोपा खाली, भटजीबुवा."

दिवाणांनी डोळे वटारले.

"लिदीची पाटी कुठं असते, मला ठाव हाय," सुभानजी म्हणाला आणि मळू नये म्हणून भटजींचं उपरणं धरायला त्यानं हात पुढे केला.