निळा पिकअप

"पिस्तूल परत पर्समध्ये ठेवलंस ना? कितीदा सांगू तुला?" मिस्टर ऑर्विल ओरडले.

"मग कुठे ठेवू? एवढ्या उकाड्यात जाकीट घालून फिरू?" रोंडा पण ओरडली.

"पर्स कुणी हिसकावली की पिस्तूल पण त्याचंच. घरपोच दिल्यासारखं! कमरेला पट्टा लाव, वरून सैल शर्ट घाल."

"सैल शर्टात मी तंबू दिसते."

"जिवंत तंबू बरा."

ती हसली नाही. नऊ दिवस ती हसलीच नव्हती.

नऊ दिवसांपूर्वी, गुरुवारी दुपारी चार वाजता तिच्या स्वयंपाकघरात गोळी घुसली. ओक्लाहोमातले हे जुने ट्रेलर म्हणजे चाकांवरची घरं, भिंती नावालाच, पत्रा आणि पुठ्ठा. गोळी भिंतीतून आली, मेसीच्या खुर्चीच्या पाठीतून गेली आणि फ्रिजमध्ये अडकली. मेसी तिची मुलगी, सहा वर्षांची. दूध सांडलं म्हणून फडकं आणायला उठली, म्हणून वाचली.

रोंडाला ओरडायचं सुचायच्या आत मिस्टर ऑर्विल दारात होते. ते समोरच राहतात, रस्त्यापलीकडच्या ट्रेलरमध्ये, एकटे. अनवाणी पळत आले होते, चेहरा पांढराफटक. "पोरगी कुठाय? पोरगी ठीक आहे ना?" एवढंच विचारत होते. मेसी दिसल्यावर पायरीवर बसले आणि सत्तर वर्षांचा माणूस लहान मुलासारखा रडला.

शेरीफचा पोलीस आला. भोकाचा फोटो काढला, च्युइंगगम चघळत विचारलं, कुणी काही पाहिलं का.

"निळा पिकअप होता," मिस्टर ऑर्विल म्हणाले. "इथे आल्यावर हळू झाला. मग पळाला."

निळा पिकअप डॅरेलकडे होता. डॅरेल म्हणजे रोंडाचा आधीचा नवरा. त्याने एकदा तिचा हात मोडला होता, त्यामुळे पुढचं कुणी विचारलंच नाही. डॅरेल म्हणत होता की मी तेव्हा कोंबड्यांच्या कारखान्यात कामावर होतो. साक्ष द्यायला पुढे आले ते सगळे त्याच्याबरोबर बिअर ढोसणारे. कोर्टाने त्याला ट्रेलरच्या आसपास फिरकायला बंदी केली. आता कागदाने काय गोळी अडते?

तेव्हापासून खडीवर चाक वाजलं की रोंडा जमिनीवर आडवी पडायची. आंघोळीला जाताना पिस्तूल बेसिनवर. मेसीला तिने बहिणीकडे पाठवून दिलं. डॅरेल फोनवर निरोप ठेवायचा, "एकदा भेट, एकदाच," आणि ती ते निरोप अर्धे ऐकूनच पुसायची.

मिस्टर ऑर्विल रोज येऊन शिकवायचे. शर्ट डाव्या हाताने वर, उजवा हात पिस्तुलावर, बोट चापाबाहेर, मग पिस्तूल समोर. पिस्तूल रिकामं ठेवून भिंतीवर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. गोळ्या दुसऱ्या खोलीत. या एका गोष्टीवर म्हातारा वेडा व्हायचा. तीन-तीनदा बघायचा, बोट घालून चाचपायचा.

"अहो, आत्ताच तर बघितलंत!"

"परत बघ म्हटलं ना!"

एवढं चिडायचे की पिस्तूल तिच्या हातातून ओढून घ्यायचे. आणि जाताना कधी मक्याचा पाव, कधी पीचचा मुरंबा ठेवून जायचे. पैसे विचारले तर तोंड फिरवायचे.

त्या शनिवारी भांडण मिटलं, रोंडाने पट्टा लावला, पिस्तूल भरलं, वर सैल शर्ट घातला. दोघं पायरीवर थंड चहा पीत बसली.

खडीवर चाक वाजलं.

निळा पिकअप होता. डॅरेल उतरला.

रोंडाचा ग्लास खाली पडला. "थांब! तिथंच थांब!"

"रोंडा, ऐक तर—"

"जवळ येऊ नकोस! मिस्टर ऑर्विल, पोलिसांना फोन लावा!"

मिस्टर ऑर्विलनी फोन लावला, पत्ता सांगितला. डॅरेल दोन पावलं पुढे आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मी नाही केलं गं ते. माझी पण पोरगी आहे ती! थांब, दाखवतो तुला."

आणि त्याने हात मागच्या खिशाकडे नेला.

शर्ट वर. पिस्तूल समोर. शिकवलं होतं तसंच. मिस्टर ऑर्विल म्हणाले, "रोंडा, नको," पण फारच हळू.

तिने दोनदा चाप ओढला.

डॅरेल गुडघ्यावर आला, मग तोंडावर पडला. हलला नाही. त्याच्या मुठीत पिस्तूल नव्हतं, घडी घातलेला कागद होता. मिस्टर ऑर्विल जाऊन वाकले, कागद उलगडला. कारखान्याच्या हजेरीचा. गुरुवार, आत दोन वाजता, बाहेर दहाला.

"खोटा असणार," रोंडा म्हणाली. "असले कागद कुणीपण छापून आणतं. हो ना? तुम्ही पिकअप बघितलात. आता ते येतील तेव्हा सांगाल ना त्यांना? मिस्टर ऑर्विल? मला तुरुंगात टाकतील हो, मेसीला कोण बघेल? तुम्ही सांगा ना!"

लांबून भोंगा ऐकू यायला लागला.

मिस्टर ऑर्विलनी कागद परत घडी करून डॅरेलच्या छातीखाली सरकवला. उठताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"पिकअप नव्हताच, पोरी. त्या दिवशी घरात माझा सराव संपला होता, मी गोळ्या भरल्या, आणि मग वाटलं, भिंतीवर अजून एकदा चाप ओढू. भरलंय हेच विसरलो." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मला आता निघायला हवं."