परातीतलं सोनं

वाळू धुतल्यावर प्रत्येकाच्या परातीत बरोबर चार सोनेरी कण उरत होते, चारही कात्रीने कापल्यासारखे. जहाजावरून जुनी सोन्याची खाण बघायला उतरलेल्या आम्हा पर्यटकांसाठी ते अर्थातच आधी पेरलेले होते.

"पाहिलंस? पहिल्याच फटक्यात सोनं!" नवरा चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुझ्या भूशास्त्राच्या पदवीने आजवर काय दिवे लावले?"

परतीच्या बसमध्ये त्याने कण रुमालात बांधले. बाहेर कुरणं आणि मेंढ्या मागे सरकत होत्या. "आणि त्या प्रयोगशाळेतल्या नोकरीला नाही म्हणून कळवून टाक. दोन महिने नुसता घोळ घालते आहेस. जगातलं खरं-खोटं मला कळतं, तुला नाही."



"मी एक तारखेला रुजू होतेय," मी म्हणाले.