शेवटचा वाफा

पाहुणे येणार म्हणून शाश्वत शेती शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी माळ्याला फर्मावलं, "वाफ्यांवरचा तो पालापाचोळा आधी झाडून काढ. कसला गबाळा कारभार हा!" ओल टिकावी म्हणून माळ्यानेच तो पसरला होता. पण एवढ्या शिकलेल्या माणसापुढे अक्कल कोण पाजळणार? त्याने मुकाट झाडू उचलला.

आठवड्याने टळटळीत उन्हात, स्वतः छत्रीखाली उभे राहून, सर मुलांना करपलेली रोपं दाखवत होते. "बघा, बदलत्या हवामानाचा तडाखा! त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही."

"मग सर, शेवटच्या वाफ्यातली रोपं कशी तरारलीत?" एका मुलीने विचारलं.

सर चष्मा पुसू लागले.

त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता माळी म्हणाला, "तो वाफा झाडायच्या आतच पाहुणे फोटो काढून गेले, ताई."