झोळीतला वरवंटा

"ही झोळी बनवणाऱ्यांनी जन्मात एक बारसं पाहिलेलं नाही!" वैजंता सरकारी कचेरीतल्या साहेबावर फोनवर कडाडली.

बाळाला पाठीवर बांधायची ती सरकारी झोळी मऊ होती, हलकी होती आणि जो पहिल्यांदा आत निजेल त्यालाच कायमचं आपलं बाळ मानत होती. बारशाला सासूबाईंनी रीतीप्रमाणे आधी पाट्यावरचा वरवंटा निजवला. तेव्हापासून झोळी वरवंट्याला लाडाने झुलवायची आणि लेकीला ठेवलं की "परकं मूल!" म्हणून बोंबलायची.

"उद्यापासून भाजीच्या गाडीवर उभं राहायचंय, साहेब. दोन्ही हात मोकळे लागतात. नोंद बदला."

"बाई, नोंद बदलत नाही. उलट झोळी कळवतेय, महिनाभर बाळाचं वजन वाढलेलं नाही. उपाशी ठेवता काय?"

वैजंताने रडती लेक काखेत सावरली.

"पाजते की! वरवंट्याला तोंड कुठल्या बाजूला असतं, तेवढं सांगा!"