अर्थ शेवटी

"साखर घातलीत ना, मंजुळाबाई? डॉक्टरांनी बंद केलीय, सांगितलं होतं."

"देवाशप्पथ नाही, सर. दाणाभर नाही."

विश्वनाथ सर मिशीत हसले. खानदेशी माणूस आग्रहापुढे डॉक्टरला मोजत नाही, हे सिल्वासात तीस वर्षं कामगारांच्या पोरांना शाळेत शिकवून त्यांना पाठ झालं होतं. त्यांनी गोड चहाचा आणखी एक घोट घेतला.

आमलीतल्या कामगार चाळीत दर शनिवारी ही शिकवणी चाले. मंजुळाबाई कारखान्यात पॅकिंगला होत्या. खोक्यांवरचं इंग्रजी वाचता आलं, तर सुपरवायझर. आज त्यांनी एक शब्द चित्रासारखा कागदावर उतरवून ठेवला होता. सहा अक्षरं.

"पॉयझन," सरांनी वाचलं.

"म्हंजे काय, सर?"

सरांना अर्थ विचारणं म्हणजे विहिरीचा पत्ता विचारून पाताळात उतरणं. अर्थ आधी सांगितला की शब्द मरतो, असं त्यांचं मत. सरांनी डोळे मिटले.

"मूळ बघा, बाई. आपल्या संस्कृतात 'पा' धातू. पिबति, म्हणजे पितो. त्याचा चुलतभाऊ गेला रोमला, तिथे झाला 'पोतिओ'. म्हणजे घोट. पुढे फ्रान्सात तोच वैद्याचा काढा झाला. राजेलोक रात्री काढा प्यायचे..."

"पिण्याचंच निघालं म्हणा की!" मंजुळाबाईंनी सुस्कारा सोडला. "मी उगा घाबरू राहिले होते. आमचे हे म्हणे, चारदा धुयेल आहे."

सरांनी डोळे उघडले. "काय धुतलंय?"

"पिंप. यांनी कंपनीतून आणेल. पाणी साठवाया आख्खी चाळ आणते तशी. त्याच्यावरच तर होता हा शब्द."

कोपऱ्यात निळं पिंप उभं होतं. वर झाकण, झाकणावर चहाचं पाणी घेतलेला तांब्या.

"नवरा कुठेय तुमचा? झुंबर?"

"ड्युटीवर. दोन बाटल्या भरून नेल्या. म्हणे, नव्या पिंपाचं पाणी गोड लागतं."

मंजुळाबाईंनी आपली बशी ओठाशी नेली. सरांनी फटका मारला. बशी फुटली, चहा फरशीवर पसरला.

"सर! अहो, काय झालं?"

सर झुंबरला फोन लावत होते. रिंग वाजत होती, वाजतच होती.

"अर्थ राहिला ना, सर," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या.

उंबरठ्याच्या फटीतून मुंग्यांची रांग निघाली होती, बिनसाखरेच्या चहाकडे.