खांद्याचं नाव

नाहोआमामाने कापुआचं मनगट पिरगाळलं आणि विचारलं, "हे काय?"

"पुलिमा."

"आणि हे?" पीळ कोपरापर्यंत चढला.

"कुएकुए... मामा, मोडेल की रे."

"मोडायलाच तर शिकतेयस. पुढे बोल."

"पोओहिवी." म्हणजे खांदा. नाव बरोबर आलं, तेव्हा कुठे हात सुटला. नीरफणसाखाली रोज हेच चालायचं. लुआ ही सांधे निखळवायची जुनी विद्या, आणि मामाची शिस्त कडक. ज्या अवयवाचं नाव आपल्या बेटांच्या भाषेत येत नाही, त्याला हात लावायचा नाही. कापुआला लहानपणापासून इंग्रजीशिवाय काही शिकवलेलं नव्हतं. त्यामुळे एकेक शब्द अंगावर वळ उठवूनच आत गेला. या वळांचं तिला काही वाटत नव्हतं. नवरा उठवायचा ते कशासाठी, हे मात्र तिला कधी कळलंच नव्हतं.

तो नवरा, क्लेटन, आज गाडी थेट अंगणात घालून उतरला. "पुरे झालं माहेरपण. चल घरी."

"मी येणार नाही."

"तुला विचारतंय कोण?" त्याने तिचे केस मुठीत धरले आणि फरफटत गाडीकडे नेलं. गाडीच्या दाराला पाय देऊन ती अडली, तशी सणसणीत कानाखाली बसली. मामा जागचा उठला नाही. आज आपण सोडवलं, तर उद्या हा पुन्हा येऊन घेऊन जाईल, हे त्याला ठाऊक होतं.

कापुआने केसांतला हात पकडला. "पुलिमा," ती म्हणाली आणि मनगट फिरवलं. "कुएकुए." क्लेटन गुडघ्यांवर आला. तोंडातली शिवी पुरती बाहेर पडायच्या आत ती म्हणाली, "पोओहिवी," आणि खांदा खटकन निखळला. गुरासारखा ओरडला तो.

"आता बसव," मामा म्हणाला. "ज्याने निखळवलं, त्यानेच जागेवर बसवायचं. नाहीतर आपण गुंडच की."

"बसव गं," क्लेटन रडत म्हणाला. "पाया पडतो तुझ्या. पुन्हा हात उगारणार नाही."

हे तिने आधीही ऐकलं होतं. ती त्याच्याशेजारी मांडी घालून बसली आणि तो लुळा हात मांडीवर घेतला. बसवायचा तर होताच. पण कधी, हे मामाने सांगितलं नव्हतं.

"आधी शिकून घे," ती म्हणाली. "माझ्या अंगावर जिथे जिथे मारलंस, तिथलं नाव. सगळी आली की बसवते." तिने आपल्या केसांची बट धरून दाखवली. "लाउओहो. म्हण."

"लाउ... लाउओहो."

"हे डोकं भिंतीवर आपटलं होतंस. पोओ."

"पोओ."

मग गाल, मग कान. नाव चुकलं की ती हात जरासा हलवायची, आणि तो किंचाळून पुन्हा म्हणायचा. घामाने निथळत होता तो. मामाने पाठ फिरवली आणि अंगण झाडायला घेतलं.

"अजून किती राहिलं?" क्लेटनने विचारलं.

"आत्ता कुठे कानापर्यंत आलोय," कापुआ म्हणाली.