दहा पावलं

जोडे दुरुस्त करणाऱ्या आजोबांचा एक नेम होता. शिवून झालेला बूट आधी स्वतःच्या अनवाणी पायात चढवायचा, दुकानात दहा पावलं चालून बघायचं आणि मगच गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा. पन्नास वर्षांत एकही बूट परत आला नव्हता. शुगरच्या गोळीचा मात्र काही नेम नव्हता. आजी रोज सकाळी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन दुकानात यायच्या आणि रोज तेच ऐकून परत जायच्या, "अगं, काही बिघडलं असतं तर या पायांनी मला आधी सांगितलं असतं. त्या डॉक्टरपेक्षा यांचा अनुभव दांडगा आहे."

त्या दिवशी पोस्टमनने दुरुस्त झालेला बूट घातला आणि जागच्या जागी उडीच मारली.

"अहो आजोबा, खिळा आहे आत!"

"शक्यच नाही. आत्ता तुझ्यासमोर चाललो की!"

आजोबांनी बुटात बोट घातलं. खिळा चांगला नखभर वर आला होता. मग त्यांनी आपला तळवा वळवून पाहिला. टाच रक्ताने लाल झाली होती.

त्यांनी हातोडी उचलली. खिळा ठोकून बसवला, बूट आतून पुसला, पोस्टमनची माफी मागितली आणि भर सकाळी दुकान बंद करायला घेतलं. तेवढ्यात आजी आल्या.

"अगं बाई, रक्त! फार दुखतंय का हो?"

"अजिबात नाही," आजोबांनी गोळीसाठी हात पुढे केला. "म्हणून तर दवाखान्यात चाललोय."